एका चिपमध्ये मावलेली भट्टी

मुलांनो, मागच्या रविवारी तुम्ही दोघं मला दिसला नाहीत. "आजी, आजी" अशा हाका ऐकू आल्या, आणि मग माझ्या फोनने कळवलं की हे अ‍ॅप आता या फोनवर चालणार नाही. माझा फोन चांगला आहे. तो कधी पडलेला नाही, त्याच्या काचेला चरा नाही, मी तो रोज पुसून कापडी पिशवीत ठेवते. तुमचे चेहरे दाखवायचं काम तो आदल्या रविवारपर्यंत बिनतक्रार करत होता. तुमच्या बाबांनी लगेच साधा कॉल लावला. म्हणाले, "आई, पाच वर्षांचा झाला तो. बदलून टाक." आणि ठेवता ठेवता म्हणाले, की ताईला शाळेत प्रोग्रॅम लिहायला शिकवताहेत, आणि तिने विचारलं, आजी ऑफिसात काय करायची? "मी सांगितलं तिला, आजी कॉम्प्युटरमध्ये होती."

कॉम्प्युटरमध्ये होती. हे शब्द आठवडाभर मला टोचताहेत. मी काय करत होते आणि त्याचं पुढे काय झालं, हे या वर्षी घडलेल्या एका गोष्टीमुळे लिहायलाच हवं होतं. मी टाळत होते. आता टाळत नाही.

माझं शिक्षण पहिलीपासून इंग्रजीतून झालं. नोकरीतले सगळे अहवाल मी इंग्रजीत लिहिले, आणि तुम्हालाही इंग्रजी सोपं गेलं असतं. पण अहवालात राग लिहायचा नसतो, ही सवय मला इंग्रजीबरोबरच लागली. हे मला रागाने लिहायचं आहे, म्हणून मराठीत. बाबा वाचून दाखवतील. त्यांनाही ते वाचावं लागेल, हेही माझ्या मनात आहे.

बत्तीस वर्षांपूर्वी मी पिंपरीतल्या एका कंपनीत इंजिनीअर होते. यंत्रं चालवणारी कार्डं आम्ही बनवायचो. कार्ड म्हणजे वहीच्या पानाएवढी हिरवी पाटी आणि तिच्यावर बसवलेल्या काळ्या चिप्स. भोसरीत एक लहान कारखाना होता, तिथे गाड्यांच्या गिअरची चाकं कडक करायचे. मऊ पोलादाची चाकं भट्टीत घालायची, ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ ठेवायची, मग तापमान थोडं उतरवून एकदम तेलात बुडवायची. वेळ कमी पडला तर चाकाचे दात झिजतात. जास्त झाला तर ठिसूळ होऊन तुटतात, आणि तुटतात ते कोणाच्या तरी चालत्या गाडीत. ती भट्टी चालवणारं कार्ड आणि त्याचा प्रोग्रॅम करायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्यांदा लिहिला तेव्हा प्रोग्रॅमला दोन हजार तीनशेच्या वर जागा लागत होती. चिपमध्ये जागा होती दोन हजार अठ्ठेचाळीस. ती चिप तेव्हाही जुनीच होती, पण तसल्या बऱ्याच आमच्या कपाटात पडून होत्या. साहेब म्हणाले, "बाई, दुसरी चिप लावली तर पाटी बदलावी लागेल, पाटी बदलली तर पेटी. एकीत बसवा."

तुम्हाला अंदाज यावा म्हणून सांगते. एका अक्षराला एक जागा धरा. या पत्रात मी इथवर येईपर्यंत ती चिप भरून गेली आहे, आणि भट्टी अजून पेटलेलीही नाही.

मी काढायला बसले. सुरुवातीला स्वागताचा संदेश होता, तो काढला. भट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला कोणी स्वागत म्हणायची गरज नव्हती. चुकांचे नऊ प्रकार केले होते. विचार केला, चूक झाली की माणूस काय करणार? एक तर थांबणार, नाहीतर सुपरवायझरला हाक मारणार. दोन प्रकार ठेवले. वेळ मोजायचे पाच तुकडे पाच ठिकाणी लिहिले होते, त्यांचा एक केला आणि पाचही ठिकाणांहून त्यालाच कामाला लावलं. एका जागी मी फार हुशारी केली होती आणि ती मला आवडत होती. ती काढताना दोन दिवस गेले. प्रत्येक ओळीला मी एकच विचारत होते: तू भट्टीसाठी आहेस की माझ्या हौसेसाठी? तीन आठवड्यांनी प्रोग्रॅम बसला आणि अकरा जागा उरल्या.

कारखान्याचे थोरले मालक कार्ड न्यायला आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं.

"मग उरलेल्या जागेत काय टाकणार?"

"काही नाही."

"मोकळी सोडणार?"

"हो."

"नशीब आहे चिपचं," ते म्हणाले. "आमच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही."

तो सगळा प्रोग्रॅम मी एका लांब वहीत हाताने उतरवून ठेवला. एक्केचाळीस पानं. प्रत्येक पानाच्या तळाशी त्या पानावरच्या आकड्यांची बेरीज, म्हणजे पुढे कोणी नक्कल केली आणि एखादा आकडा चुकला तर बेरजेवरून कळावं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी धोब्याकडे दिलेल्या कपड्यांचीही यादी करून खाली सही करायची. तुमचे आजोबा म्हणायचे, आता शिक्काही मार.

भट्टीवर एक ऑपरेटर होता. तेव्हा पंचविशीचा, बीडकडून आलेला, थेरगावात भाड्याच्या खोलीत राहणारा. मी कार्ड जोडायला गेले तेव्हा तो हाताची घडी घालून लांब उभा होता. नव्या पेटीमुळे आपलं काम जाईल असं त्याला वाटत होतं. पेटीच्या तोंडाशी, कार्डाच्या कडेलाच, पाच दिवे होते, प्रत्येक टप्प्याला एक, आणि मिनिटं दाखवणारे आकडे. टप्पा संपायला पाच मिनिटं राहिली की दर मिनिटाला एक बारीक टिक् व्हायचं. बस, एवढंच. आठवड्याने गेले तर तो पेटीकडे पाठ करून चहा पीत होता, आणि टिक् झालं की न बघता म्हणायचा, "चार राह्यले." मला म्हणाला, "मॅडम, ही बया बोलत न्हाई, पर समदं सांगती."

पुढे कारखाना चाकणला गेला. पेटी टेम्पोतून गेली आणि जोडली त्या दिवशी चालू झाली. मी निवृत्त झाले. तुमचे आजोबा गेले. थोरले मालक गेले, त्यांचा मुलगा मालक झाला. भट्टीवर तोच माणूस होता आणि पेटीत तीच चिप होती.

मग त्यांच्या मोठ्या गिऱ्हाईकाने, एका गाड्यांच्या कंपनीने, सांगितलं की प्रत्येक भट्टीची नोंद कॉम्प्युटरवर हवी. ही मागणी चुकीची नव्हती, हे मला नीट लिहायला हवं. दात तुटला तर तो कोणत्या दिवशीच्या भट्टीतला हे कळायलाच हवं. माझी पेटी काही लिहून ठेवत नव्हती. थोडी भर घातली असती तर ती लिहायलाही लागली असती, पण मला कोणी विचारलं नाही. नवी सिस्टिम आली.

गेल्या खंडेनवमीला मालकाचा फोन आला. "काकू, यायलाच लागतं. तुमच्या चिपचा निरोप समारंभ आहे."

खंडेनवमीला आपल्याकडे कारखान्यात यंत्रांची पूजा करतात, हे तुम्ही कधी पाहिलेलं नाही. यंत्रं धुऊनपुसून चकचकीत करतात, झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू लावतात, पेढे वाटतात. त्या दिवशी नव्या सिस्टिमच्या मोठ्या स्क्रीनलाही माळ होती. ती बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर तिथे होता, पंचविशी-तिशीतला, गोड स्वभावाचा. मी त्याला विचारलं, "केवढा आहे हा प्रोग्रॅम?"

"ज्यादा नाही मॅडम. सहा जीबी."

"भट्टीसाठी?"

"त्यात डॅशबोर्ड आहे, युजर मॅनेजमेंट आहे, थीम बदलता येते. चौदा भाषा आहेत."

"मराठी आहे?"

"मराठी नाही. पोर्तुगीज आहे."

ऑपरेटर मागून म्हणाला, "शिकतो म्या पोर्तुगीज. आजून वरीस हाय रिटायरला." सगळे हसले, तो इंजिनीअरही हसला. स्क्रीनच्या कोपऱ्यात ढगाचं चित्र होतं आणि बाहेरचं तापमान. ते काय, असं मी विचारलं. हवामानाचा अंदाज, तो म्हणाला, आपोआप येतो, काढता येत नाही. भट्टीत नऊशे अंश होते.

मग सत्कार झाला. मला शाल आणि नारळ, आणि माझ्या चिपसाठी लाकडी चौकट, आत लाल मखमल, त्यावर पितळी तारेने बांधलेली चिप, खाली इंग्रजीत कृतज्ञतेचे दोन शब्द. चौकटीला काच नव्हती. चिप जवळून दिसावी म्हणून.

आता पुढचं नीट ऐका. या जातीच्या चिपच्या पाठीवर काचेची एक बारीक खिडकी असते. चिप पुसून पुन्हा लिहायची असेल तर त्या खिडकीतून खास दिव्याचा उजेड सोडतात. उन्हातही तोच उजेड असतो. म्हणून खिडकीवर कायम एक स्टिकर चिकटवलेला ठेवायचा. माझ्या स्टिकरवर मी पेनाने नंबर लिहिला होता. बत्तीस वर्षांत तो तेलाने काळा झाला होता. पूजेसाठी सगळं स्वच्छ करताना कोणीतरी तो नखाने खरवडून काढला, खिडकी पुसून लख्ख केली, आणि चिपच्या कडेला कुंकवाचं बोट लावलं.

मी ते पाहिलं. पाहिल्याबरोबर कळलं. तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "मॅडम, इकडे बघा," आणि खांद्यावर शाल आली. मनात आलं, आता हिचं काय काम आहे? आणखीही एक आलं, तेही लिहिते. मला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्या कामाकडे बघत होतं, टाळ्या वाजवत होतं. अशा वेळी "याच्यावर आधी स्टिकर लावा" म्हणणं मला किरकिरं वाटलं. मी हसून फोटोत उभी राहिले. चौकट मालकाच्या केबिनबाहेर, पश्चिमेच्या मोठ्या खिडकीसमोरच्या भिंतीवर लागली.

मी एक जादा चिप करून पेटीच्या झाकणात चिकटवून ठेवली होती. नव्या सिस्टिमच्या माणसांनी पेटी उतरवली तेव्हा झाकण भंगारात गेलं. मूळ कार्ड तेवढं स्टोअरच्या फळीवर राहिलं, कारण ते कोणत्या खात्यात टाकायचं हे कोणाला माहीत नव्हतं.

या वैशाखात चाकणच्या रस्त्यावर खोदकाम चाललं होतं आणि जेसीबीने इंटरनेटची केबल तोडली. त्या वेळी भट्टीत चाकं होती. नवा प्रोग्रॅम काही काही वेळाने कुठल्यातरी दूरच्या कॉम्प्युटरला विचारतो, की मला चालायची परवानगी आहे ना? त्या दिवशी उत्तर आलं नाही. स्क्रीनवर एक गोल फिरत राहिला. भट्टीचं दार प्रोग्रॅमच्या ताब्यात, आणि प्रोग्रॅम परवानगीची वाट बघत बसलेला. ऑपरेटरने मदतीचा नंबर लावला. इंग्रजीत रेकॉर्ड केलेली बाई त्याला एक दाबा, दोन दाबा सांगत राहिली. भट्टीवर जुना तापमानाचा काटा होता, तो कोणाचीही परवानगी न घेता तापमान दाखवत होता. त्याने काट्याकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि वेळ भरल्यावर दाराच्या हातचाकावरचं शिशाचं सील तोडलं, दार हाताने उघडलं आणि चाकं तेलात सोडली. नंतर कडकपणा तपासला. सगळी चाकं बरोबर होती.

केबल जोडली गेल्यावर प्रोग्रॅम जागा झाला आणि त्याने आपल्या नोंदीत लिहिलं: ऑपरेटरने परवानगीशिवाय हस्तक्षेप केला, प्रक्रिया अपूर्ण. गाड्यांच्या कंपनीने माल अडवला. ऑपरेटरला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं.

तो माझ्याकडे संत तुकाराम नगरला आला. चपला दाराबाहेर इतक्या नीट काढल्या की मला भीती वाटली. पाणी प्यायला आणि म्हणाला, "मॅडम, म्या चाकं वाचवली का जाळली, तेवढं तुमी सांगा. दुसरं काई मागत न्हाई."

"किती वेळ ठेवलीस?"

त्याने सांगितलं. पहिला टप्पा एवढा, दुसरा एवढा, तापमान उतरवल्यावर एवढी मिनिटं. कागद नव्हता, बोटांवर मोजलं नाही, दिव्यांच्या क्रमाने सांगत गेला. मी कपाटातून वही काढली. सोळाव्या पानावर वेळेचा तक्ता होता. तो बोलत होता आणि मी बोट खाली खाली नेत होते. एकही आकडा चुकला नाही. बत्तीस वर्षांपूर्वी मी ज्या जागी जे लिहिलं होतं, ते त्याच्या डोक्यात जसंच्या तसं होतं. ते लहान होतं म्हणूनच तिथे मावलं. सहा जीबी कोणाच्या डोक्यात मावणार?

"वाचवलीस," मी म्हटलं.

"मंग आसं कामून?" तो म्हणाला. "चार-सा म्हयन्यांनी म्याच घरी बसणार व्हतो. पर असं न्हाई, मॅडम. गावाकडं काय सांगू? चोरी केली का?"

मी मालकाला फोन केला. मालकाने गाड्यांच्या कंपनीच्या क्वालिटी अधिकाऱ्याशी बोलणं करून दिलं. तो सभ्य माणूस होता. मी वहीचं सांगितलं, तर म्हणाला, "मॅडम, हाताने लिहिलेली वही कोणीही कधीही लिहू शकतो. पण तुमच्या जुन्या कार्डाची मंजुरी आमच्याकडे महिनाअखेरपर्यंत चालू आहे. मी गुरुवारी चाकणला येतोय. ते कार्ड माझ्यासमोर चालवून दाखवा. कार्डाच्या वेळा आणि तुमच्या माणसाच्या वेळा जुळल्या, तर माल जुन्या पद्धतीने झाला असं लिहून देतो. मग त्या माणसाचा दोष राहत नाही."

मी ऑपरेटरला कळवलं, गुरुवारी ये. तो दाढी करून, जुना युनिफॉर्म इस्त्री करून आला.

स्टोअरमधून कार्ड आणलं. भिंतीवरून चौकट उतरवली, मी स्वतः तार सोडवली. चिप हातात घेतली तेव्हा कुंकवाचं बोट फिकट गुलाबी झालेलं दिसलं. मखमलीचा रंगही उडाला होता. चिप होती तेवढाच चौकोन लाल होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. मी चिप बसवली, वीज दिली. पाचही दिवे एकदम लागले आणि लागलेलेच राहिले. आकडे आलेच नाहीत.

"काकू, कुठे सैल असेल," मालक म्हणाला.

मी चिप काढली, पुन्हा बसवली. पाच दिवे.

"इथं दुपारचं ऊन किती येतं?" मी विचारलं.

"लई येतं," स्टोअरचा माणूस म्हणाला. "पडदा लावा म्हणून केव्हाचं सांगतोय."

अधिकारी हळू आवाजात म्हणाला, "होतं असं, मॅडम. जुनं झालं की जातं."

"जुनं होऊन गेलं नाही. पुसलं गेलं."

"मला पंधरा दिवस द्या," मी म्हटलं, "नाही, आठ द्या. वहीवरून दुसरी चिप करते." त्याने घड्याळ बघितलं. आज अहवाल द्यावाच लागेल, पुढे दुसऱ्या कारखान्यात जायचं आहे. तो खरंच दिलगीर होता. ऑपरेटर दाराशी टोपी हातात धरून उभा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "जाऊ द्या, मॅडम. तुमी आलात, लई झालं." याहून त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं. मी खंडेनवमीला एक वाक्य बोलले असते, तर तो माणूस त्या दिवशी भट्टीवर परत गेला असता.

संध्याकाळी कारखान्याने त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. बडतर्फीपेक्षा बरं, असं समजावून. चांगली, कडक झालेली, तपासलेली चाकं भंगारात गेली, कारण त्यांची नोंद नव्हती.

मी तरीही चिप केली. कार्ड त्या दिवशीच मागून घरी आणलं होतं. दापोडीत एकजण जुन्या यंत्रांची कार्डं दुरुस्त करतो, त्याच्याकडे चिप लिहायचं यंत्र होतं आणि डब्यात काही कोऱ्या चिप्स. मी चार दिवस बसून वहीतले आकडे टाकले. तो मधूनमधून वही उलटून बघायचा. "मॅडम, हे सगळं तुम्ही हातानं लिहिलं? राव, आमचं बिलसुद्धा आम्ही हातानं लिहीत नाही." एकोणतिसाव्या पानाची बेरीज जुळेना. पाण्याचा थेंब पडून एक आकडा पुसट झाला होता. तो सुधारला, बेरीज जुळली. चिप कार्डात बसवली, एक दिवा लागला, आणि आकडे आले. दुकानदार म्हणाला, "चालली की म्हातारी!" मग माझ्याकडे बघून जीभ चावली.

कार्ड घेऊन मी चाकणला गेले. मालकाने चहा मागवला, मान खाली घालून ऐकलं. म्हणाला, "काकू, मंजुरी संपली. ते साहेब परत येणार नाहीत. आणि खरं सांगू? बाबांच्या वेळी गिऱ्हाईक चाकं बघायचं. आता स्क्रीन बघतं. मी काय करू?" त्याच्या केबिनबाहेर भिंतीवर चौकट पुन्हा लावलेली होती. आत ती रिकामी चिप, आणि समोर नवा पडदा. मी कार्ड घरी घेऊन आले.

हे मी तुमच्या बाबांना तेव्हाच फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले, "आई, हल्ली मेमरी स्वस्त आहे. माणसाचा वेळ महाग आहे. बाइट मोजत बसलं तर काम कधी होणार?" मी विचारलं, "कोणत्या माणसाचा वेळ?" ते म्हणाले मीटिंग आहे. बाबा वाईट नाहीत. त्यांच्याकडे दर तीन महिन्यांनी विचारतात, नवीन काय घातलंत? काय काढलंत, असं कोणी विचारत नाही. माझे साहेब विचारायचे. पण हे वाचून दाखवताना, बाबा, इथे आवाज बारीक करू नका.

ताई, तू प्रोग्रॅम लिहिशील तेव्हा जागेचा कंजूषपणा कर असं मी म्हणत नाही. जागा आता फुकटासारखी आहे. पण यंत्र बंद पडतं तेव्हा शेजारी एक माणूस उभा असतो. तू काय लिहिलं आहेस ते त्याच्या डोक्यात मावलं पाहिजे. न मावेल इतकं घालशील, तर तो चुकीचं करेल, किंवा बरोबर करूनही चोर ठरेल.

ऑपरेटर आता थेरगावात एका सोसायटीच्या गेटवर बसतो. तिथेही अ‍ॅप आहे. येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढायचा, मग वरून होकार यायची वाट बघायची. नेट गेलं की दूधवाला ताटकळत राहतो. मागच्या महिन्यात ऑपरेटर ड्यूटीवर जाताना, निळ्या कपड्यांतच, माझ्याकडे आला. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर कार्ड ठेवलं आणि तपासणीचं बटण दाबलं. ते दाबलं की मिनिटाचा सेकंद होतो आणि पूर्ण भट्टी चार-पाच मिनिटांत होऊन जाते. तो उभाच राहिला. प्रत्येक दिवा बदलायच्या आधी त्याने बोट वर केलं आणि हळूच म्हणाला, "आता." पाचही वेळा. शेवटचा दिवा विझला तेव्हा म्हणाला, "काय उपेग, मॅडम." मग चहा न घेता गेला, कारण गेटवर पोचल्याची हजेरी फोनवर लावायची असते आणि फोन सुरू व्हायला वेळ घेतो.

मी नवा फोन घेणार आहे. तुम्हाला बघायचं आहे म्हणून घेणार, आणि त्याचा मला राग आहे.

वही माझ्या कपाटात दुसऱ्या खणात आहे, एक्केचाळीस पानं, एकही फाटलेलं नाही. कार्ड तिच्याशेजारी डब्यात आहे. चिपवर नवा स्टिकर आहे. वीज दिली की चालतं.